आना माग्डालेना बाख: वहीत न मावलेली गायिका

मागच्या व्याख्यानात आम्ही बाखच्या चेलो स्वीट्सबद्दल बोलत होतो. बोलता बोलता म्हणून गेलो, की या स्वीट्सची बाखच्या हातची प्रत हरवली, त्याच्या बायकोनं केलेली नक्कल मात्र राहिली. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी आम्हाला गाठलं. त्या स्वतः गाणं शिकवतात. म्हणाल्या, "तुम्ही तिला नक्कल करणारी म्हणालात. ती गायिका होती ना?" आम्ही म्हटलं, हो. "मग तसं का नाही म्हणालात?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरानं दिलेलं उत्तर समजा. थोडं कबुलीजबाबासारखंही आहे, कारण ही चूक आमची एकट्यांची नाही. गेली दोन-अडीचशे वर्षं आना माग्डालेनाबद्दल जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं याच चुकीवर उभं आहे.

आधी ती कोण, ते पाहू. आना माग्डालेना विल्के, जन्म २२ सप्टेंबर १७०१, जर्मनीतल्या त्साइट्स गावी. वडील दरबारी ट्रंपेटवादक, आई एका ऑर्गनवादकाची मुलगी. म्हणजे घरात संगीत होतं ते हौसेचं नव्हे, पोटापाण्याचं. १७२१ मध्ये, विशीतच, ती कोथेनच्या राजपुत्र लेओपोल्डच्या दरबारात गायिका होती. सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी. त्याच दरबारात योहान सेबास्टियन बाख संगीतप्रमुख होता. त्याची पहिली बायको मारिया बार्बारा १७२० च्या जुलैत वारली होती. ३ डिसेंबर १७२१ ला दोघांचं लग्न झालं. तो ३६ वर्षांचा, ती २० वर्षांची. घरात आधीची चार मुलं. त्यातली थोरली काटारिना डोरोथेआ तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, म्हणजे सावत्र आईपेक्षा जेमतेम सात वर्षांनी लहान.

आता पगार बघा. बाखला वर्षाला ४०० थालर मिळत, तिला त्याच्या निम्म्याच्या आसपास. छोट्या दरबारात विशीतल्या गायिकेला हा मोठाच पगार. हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतोय. बाखच्या चरित्रात ती 'दुसरी पत्नी' म्हणून प्रवेश करते, पण दरबारच्या हिशेबात ती स्वतंत्र नोंद होती. तिच्या नावापुढे तिची रक्कम होती.

१७२३ मध्ये बाखनं लाइपझिगच्या थॉमस शाळेतली नोकरी घेतली आणि ही नोंद संपली. लाइपझिगच्या चर्चमधल्या उपासनेत बायकांनी गायचं नाही असा रिवाज. सोप्रानोच्या जागा शाळेतली पोरं गात. आणि कोथेनसारखा गायिकेला पगारावर ठेवणारा दरबार लाइपझिगमध्ये नव्हता. ते व्यापाऱ्यांचं आणि विद्यापीठाचं गाव.

इथे बरेच लेखक एक वाक्य लिहितात: "तिनं संसारासाठी गाणं सोडलं." हे वाक्य आपल्याकडेही कितीतरी बायकांबद्दल बोललं जातं, आणि कौतुकानं बोललं जातं. पण सोडायचं की ठेवायचं हे ठरवायची मुभा असेल तरच 'सोडलं' म्हणता येतं. एकविसाव्या वर्षी तिच्या गळ्याला काही झालं नव्हतं. तिच्या गावातली गाण्याची जागा गेली होती, एवढंच. गाणं, शिकवणं आणि मुलं यांचा 'तोल तिनं कसा साधला' असंही विचारतात. तो शब्द आम्हाला पटत नाही. तोल साधायला तराजू तरी हातात हवा.

आणि गाणं संपलं नव्हतंच, हे कोथेनच्या खर्चाच्या नोंदींवरून दिसतं. त्या नोंदी जन्ममृत्यूच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. जुलै १७२४: बाख पतिपत्नी पाहुणे कलाकार म्हणून कोथेनला जातात, तेव्हा तिचा मुलगा गोटफ्रीड हाइनरिख पाच महिन्यांचाही नाही. डिसेंबर १७२५: पुन्हा कोथेन, पुढच्या एप्रिलमध्ये एलिझाबेथ जन्माला येणार आहे, म्हणजे ती गरोदर आहे. मग मार्च १७२९. लेओपोल्ड वारला आहे, त्याच्या अंत्यसंस्काराचं संगीत करायला बाख जातो, सोबत बायको आणि मुलगा, आणि तिघांच्या मानधनाची नोंद होते. आदल्या सप्टेंबरात तिचा तीन वर्षांचा क्रिस्टियान गोटलीब गेला होता, ऑक्टोबरात रेगिना योहाना जन्मली होती. त्या शोकसंगीतात बाखनं 'सेंट मॅथ्यू पॅशन'मधल्याच चालींना नवे शब्द घातले होते. आम्हाला यातली गंमत म्हणा, बोच म्हणा, ही वाटते, की जे संगीत लाइपझिगच्या चर्चमध्ये तिला गाता येत नव्हतं, त्याच्याच चालींसाठी, तीन-साडेतीन दशकांच्या आयुष्याच्या राजासाठी, ती कोथेनला बोलावली गेली.

मुलांचा हिशेबही एकदाच सांगतो. एकूण तेरा. त्यातली दहा १७२३ ते १७३३ या काळात. तेरापैकी सात लहानपणीच गेली. काही तर दिवसा-दोन दिवसांत. याच्यावर आम्ही भाष्य करणार नाही. फक्त पुढे जे कागद आपण बघणार आहोत ते बरेचसे याच दहा वर्षांतले आहेत, हे लक्षात असू द्या.

आता वह्या. तिच्या नावाच्या दोन वह्या आहेत. १७२२ ची पहिली, तिची बरीच पानं हरवली. उरलेल्या भागात मुख्यतः 'फ्रेंच स्वीट्स'ची सुरुवातीची रूपं आहेत, बाखच्या हातची. दुसरी १७२५ ची, मुखपृष्ठावर तिची आद्याक्षरं आणि साल. सुरुवातीला बाखनं दोन मोठ्या पार्टिता लिहून दिल्या, आणि मग वही तिच्या हाती गेली. पुढं जे येतं ते कुठल्याही नांदत्या घराच्या वहीसारखं आहे: मिन्युएट, पोलोनेझ, फ्रेंच संगीतकार कुपरँचा एक तुकडा, भक्तिगीतं, तंबाखूच्या पाइपवरचं एक गाणं, आणि मधेच सावत्र मुलगा कार्ल फिलिप इमानुएलनं पोरवयात रचलेल्या मार्च वगैरे.

या वहीतला जी मेजरमधला मिन्युएट तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात पियानो शिकणारं पोर पहिल्या-दुसऱ्या वर्षी तो वाजवतंच. 'बाखचा मिन्युएट' म्हणून. तो बाखचा नाही. ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ध्यानात आलं. लग्नसमारंभात गातात ते 'बिस्ट डू बाय मिअर' हे गाणंही याच वहीतलं, आणि तेही बाखचं नाही. श्ट्योल्झेलच्या १७१८ च्या ऑपेरातलं आहे. हे कळलं तेव्हा पुष्कळांचा हिरमोड झाला. आम्हाला उलट वाटतं. वही बाखची आहे असं धरलं तरच हा तोटा. वही तिची आहे असं धरलं, तर ही एका जाणत्या गायिकेची निवड ठरते. तिनं ऐकलं, तिला रुचलं, तिच्या गळ्याला आणि घरातल्या मुलांच्या बोटांना बसलं, तिनं उतरवून घेतलं. आपल्याकडं गवई जुन्या चिजांच्या वह्या ठेवतात. त्यातली चीज कुणाची, यावरून वही कुणाची हे ठरत नाही.

आणि वहीच्या शेवटी ते पान येतं ज्यासाठी आम्ही आज उभे आहोत. तिथं 'जनरल बास'चे काही नियम लिहिले आहेत. जनरल बास म्हणजे काय, थोडक्यात: कागदावर फक्त खालच्या स्वरांची ओळ आणि तिच्यावर आकडे असतात, वादकानं त्या आकड्यांवरून वरचे स्वर जागच्या जागी भरायचे. त्या काळच्या संगीतशिक्षणाचा हा पाया. नियम तिच्या हस्ताक्षरात आहेत. कुठल्या आकड्याला कुठले स्वर, हे एकामागून एक येतं, आणि शेवटी, बाकीची जी पथ्यं पाळायची ती लिहिण्यापेक्षा तोंडी शिकवणीत जास्त चांगली कळतील, अशा अर्थाचं वाक्य लिहून ती थांबते.

गुरुमुखातून विद्या घ्यावी असं मानणाऱ्या आपल्या लोकांना हे वाक्य नवीन नाही. नियम बाखच्या शिकवणीतले आहेत, शब्दही त्याचेच असतील. पण ते वाक्य कागदावर उतरवून पेन खाली ठेवणारी बाई ही ज्या घरात ते 'तोंडी' रोज चालू होतं त्या घराच्या मधोमध बसलेली होती. भिंतीपलीकडे शाळेचं वसतिगृह, घरात शिकायला राहिलेले विद्यार्थी, कीबोर्डवर कुणी ना कुणी पोर. आमचं म्हणणं असं, की तिचं आयुष्य शोधायचं तर या वाक्यानंतरच्या कोऱ्या जागेत शोधायला हवं. तिचं गाणं आणि तिचं शिकवणं ही दोन्ही कामं कागद मागे न ठेवणारी. ज्या कामाचा कागद राहिला ते नक्कल करण्याचं काम. म्हणून आपण तिला नक्कल करणारी म्हणतो. कागदाला दुसरं काही दिसत नाही.

इथे मोगूबाई आणि किशोरीताई तुमच्या मनात आल्या असणार. आमच्याही आल्या. पण तुलना फार ताणता येत नाही, कारण मोगूबाईंचा आवाज ध्वनिमुद्रित आहे. मुलीला घडवणारी आई आधी स्वतः काय गात होती हे आपल्याला कानांनी पडताळता येतं. आना माग्डालेनाच्या बाबतीत आवाजाबद्दल जी साक्ष आहे ती नवऱ्याची. ऑक्टोबर १७३० मध्ये बाखनं डान्झिगमधल्या एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला पत्र लिहिलं. पत्र म्हणजे खरं तर नोकरीसाठी घातलेला शब्द. लाइपझिग महाग, वरिष्ठ विचित्र, अशी तक्रार करून झाल्यावर तो सांगतो, की माझी सगळी मुलं जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरी मैफल उभी राहते, कारण माझी बायको स्वच्छ सोप्रानो गाते आणि थोरली मुलगीही बरी साथ देते. अर्ध्या-एक वाक्याचं कौतुक. पण आम्हाला ते 'स्वच्छ' विशेषण महत्त्वाचं वाटतं. बाख गायकांबद्दल उगाच गोड बोलणारा माणूस नव्हता.

त्या पत्रातली थोरली मुलगी २१ वर्षांची होती. मुलग्यांसाठी घरात शिक्षणाचा आखीव रस्ता होता. फ्रीडेमानसाठी बाखनं १७२० मध्ये खास वही घातली होती. मुलींच्या नावाची अशी वही आपल्यापर्यंत आलेली नाही. संगीताचं घर म्हणताना हेही म्हणायला हवं.

आता चेलो स्वीट्सकडे, कारण खरा वाद तिथं आहे. १७२७ ते ३१ च्या आसपास तिनं बाखच्या व्हायोलिनच्या एकल रचना आणि चेलोचे सहा स्वीट्स यांच्या नकला केल्या. त्या श्वानबेर्ग नावाच्या वादकासाठी, जो बाखकडे शिकत होता. १७२८ मध्ये जन्मलेल्या रेगिना योहानाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपित्यांपैकी एक होता. मुखपृष्ठावर त्यानं फ्रेंचमध्ये नोंद केली, की हे मादाम बाख, त्यांच्या पत्नी, यांनी लिहिलं. या 'लिहिलं'वरून ऑस्ट्रेलियातले मार्टिन जार्विस यांनी २००६ च्या सुमारास सिद्धान्त मांडला, की स्वीट्स रचलेच मुळी तिनं. पुढं पुस्तक आलं, माहितीपटही आला. जगभर बातमी झाली.

आम्हाला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. व्हायोलिनच्या रचनांची बाखच्या हातची १७२० ची प्रत शिल्लक आहे. म्हणजे मूळ आणि तिची नक्कल शेजारी ठेवून ती कशी काम करत होती ते तपासता येतं. स्वर ती नीट उतरवते. पण स्लर, म्हणजे एका गजात किती स्वर घ्यायचे ते सांगणाऱ्या कमानी, तिच्या हातून घाईत पडतात. कमान कुठल्या स्वरावर सुरू होते, कुठं संपते, ते धूसर. चेलोच्या प्रतीतही तेच. त्यामुळे आजतागायत चेलोवादक या कमानींवरून भांडतात. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. ज्या माणसानं स्वतः हे रचलं तो गज कुठं वळवायचा याबद्दल इतका बेफिकीर राहील असं आम्हाला वाटत नाही. ही घाई आहे, आणि त्या वर्षांत घाई का होती ते मघाशी तारखांत आलंच. बाय द वे, स्वीट्स तिच्यामुळेच वाचले हे आमचं मागचं विधानही अर्धंच खरं. अठराव्या शतकातल्या आणखी नकला आहेत, त्यातली एक केल्नर नावाच्या ऑर्गनवादकाची. चूक दुरुस्त करतो.

जार्विस यांच्याबद्दल आम्हाला राग नाही. एका दुर्लक्षित बाईला काही द्यावं ही त्यामागची इच्छा दिसते. पण देताना त्यांनी काय केलं? तिचं जे होतं, गळा, त्याची किंमत शून्य धरली आणि तिला नवऱ्याच्या धंद्यात बसवलं. जणू रचना केली तरच माणूस संगीतकार. आमच्या मागच्या चुकीत आणि यात फार फरक नाही. आम्ही तिला लेखनिक केलं, त्यांनी संगीतकार. गायिका दोघांनीही बाहेर ठेवली.

याच्या उलट टोकाला १९२५ ची ती छोटी कादंबरी, एस्टर मेनेल यांची, आना माग्डालेनाच्या तोंडून लिहिलेली. इंग्रजीत निनावी निघाली, जर्मनीत तर अनेकांना ती खरी आठवण वाटली. तिच्यात भक्त पत्नी आहे, बाकी काही नाही. वाचायला गोड, वेळ असेल तर वाचा, नसेल तर चुकवलंत असं समजू नका. श्ट्राउब आणि उइये यांचा १९६८ चा चित्रपट मात्र बघाच. गुस्टाफ लेओनहार्ट बाख झाले आहेत, खरोखर वाजवतात, अश्रू नाहीत, संगीत पुरं ऐकवतात. पण तिथंही निवेदन तिच्या आवाजात आणि गोष्ट त्याची.

तिच्या स्वतःच्या आवडीबद्दल एक कागद आहे, तो आमचा लाडका. बाखचा नातलग योहान एलियास काही वर्षं घरात मुलांचा शिक्षक आणि बाखचा चिटणीस म्हणून राहिला. १७४० मध्ये त्यानं हालेजवळच्या एका कँटरला पत्र लिहून एक लिनेट पक्षी मागितला. मालकानं शिकवून तयार केलेला तो छोटा पक्षी फार सुरेख गातो असं बाखनं प्रवासाहून येऊन सांगितलं होतं, आणि बाईंना अशा पक्ष्यांचं वेड. दुसऱ्या एका वेळी त्यानं तिच्यासाठी पिवळ्या कार्नेशनची रोपं मिळवली. अडतीस-एकोणचाळीस वर्षांची, बारा बाळंतपणं झालेली बाई, आणि तिला हवा होता नीट तालीम मिळालेला आवाज. पिंजऱ्यातला का असेना.

शेवटची दहा वर्षं सांगायला जड जातं. २८ जुलै १७५० ला बाख वारला. इस्टेटीतला एक तृतीयांश तिला, उरलेलं नऊ मुलांत. अज्ञान मुलांचं पालकत्व मिळावं म्हणून तिला पुन्हा लग्न न करण्याचं वचन द्यावं लागलं. कोराल कँटाटांचे सुटे भाग तिच्या वाट्याला आले होते, ते तिनं थॉमस शाळेला दिले. १७५२ मध्ये नगरसभेनं तिच्या गरजेकडे पाहून आणि तिनं दिलेल्या काही संगीताच्या मोबदल्यात ४० थालर दिले. २७ फेब्रुवारी १७६० ला ती गेली, तेव्हा नोंद झाली ती भिक्षाधारी स्त्री म्हणून. एकेकाळी स्वतःचा पगार असलेली बाई. मुलं कुठं होती, असं तुम्ही विचाराल. एक ब्युकेबुर्गच्या दरबारात. त्यानं १७५५ मध्ये दरबारातल्या गायिकेशी लग्न केलं. धाकटा योहान क्रिस्टियान बाप गेला तेव्हा पंधराच्या आत होता. पुढं मिलान, मग लंडन, ऑपेरांचा नावाजलेला संगीतकार, आठ वर्षांच्या मोत्सार्टला त्यानं शेजारी बसवून वाजवलं. त्याची बायको चेचिलिया ग्रासी. तीही सोप्रानो. आईच्या दोन मुलांनी गायिका निवडल्या, याचा अर्थ लावायचा मोह आम्ही आवरतो. सगळ्यात धाकटी रेगिना सुझाना अविवाहित राहिली आणि इतकी हलाखीत, की १८०० मध्ये तिच्यासाठी संगीताच्या नियतकालिकात मदतीचं आवाहन छापावं लागलं. मदतीला पुढं आलेल्यांत बेटहोफेन होता.

आता ऐकायचं. आम्ही जे लावणार आहोत ते १७२५ च्या वहीतलंच आहे. १७२७ मध्ये बाखनं बास आवाजासाठी एक कँटाटा लिहिला, म्हातारा शिमेऑन मरणाला सामोरा जाताना समाधानानं बोलतो असा. त्यातलं डोळे मिटायला सांगणारं अंगाईसारखं गाणं आना माग्डालेनानं आपल्या वहीत उतरवलं, पण म्हाताऱ्याच्या खर्जात नव्हे, आपल्या पट्टीत, वाद्यवृंदाशिवाय. मुलं गेली म्हणून तिनं हे घेतलं, असं तुम्हाला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. असेलही. पण गायिका एखादी चीज आपल्या पट्टीत आणते तेव्हा तिला ती गायची असते, हे कारण आम्हाला पुरतं. ओळी लांब आहेत, मधे थांबे आहेत. थांब्यानंतर स्वर पुन्हा कसा उचलला जातो तिकडे कान ठेवा. त्या बाई आज आल्या आहेत, त्यांना पुढच्या रांगेत जागा द्या. दिवे थोडे कमी करा. लावतो.